फिलिपिन्समधल्या तारलाकच्या तातांगना, भंडाऱ्याहून

प्रिय तातांग (वडील) आणि नानांग (आई),

सादर नमस्कार. या पत्राचं इंग्रजी तुमच्या मुलाच्या फोनवर पाठवलंच आहे. तरी तुमचे आभार मराठीत आणि चारचौघांत मानायचे होते, कारण तुम्ही मला जे शिकवलंत त्याचा फायदा आता आमच्या गावालाही होऊ लागला आहे.

फिलिपिन्समध्ये लोस बान्योसला, आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत प्रशिक्षण घेताना आलटून-पालटून ओलीत करण्याची पद्धत मी शिकलो होतो. रोवणीनंतर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कायम पाणी तुंबवायचं नाही. ते जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरू द्यायचं, मगच पुन्हा भरायचं. पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचतं, उतारा घटत नाही आणि चिखलातून निघणारा मिथेन वायूही कमी होतो. हे सगळं पाठ होतं. पण बांधीला भेगा पडायला लागल्यावर जिवाची घालमेल होते, तेव्हा धीर कसा धरायचा हे तुमच्या शेतात कळलं.

तुमच्याच तारलाक प्रांतात, कानारेम गावच्या खोल बोअरवर, २००२मध्ये शेतकऱ्यांनी संशोधकांसोबत ही पद्धत करून पाहिली होती. तिथे पाणी म्हणजे डिझेल आणि डिझेल म्हणजे रोख पैसा. पाणी का वाचवायचं, हे तुमच्याकडे कुणी कुणाला समजावत बसत नाही.

पाणी जमिनीखाली किती उतरलं ते बघायची तुमची नळी बांबूची होती. ३० सेंटिमीटरचा तुकडा, आतलं पेर फोडलेलं, खालच्या अर्ध्या भागाला तापल्या सळईनं पाडलेली भोकं. धुऱ्यापासून (बांधापासून) थोडी आत जागा बघून ती तुम्ही चिखलात दाबलीत आणि आतला चिखल मला बोटांनी उकरून काढायला लावलात. तो राहिला तर नळी खोटं सांगते, म्हणालात. मग रोज सकाळी खाचा पाडलेली काडी आत सोडायची आणि किती खाली जाऊन ओली होते ते बघायचं. मी काडी वर काढून तुमच्याकडे बघायचो, तुम्ही नकारार्थी मान हलवायचात. शेजारच्या शेतात पंपाचं पाणी खळाळत असताना असं थांबायला किती हिंमत लागते, ते आता स्वतःच्या बांधीत उभं राहिल्यावर कळतं. फुलोऱ्याच्या आठवडाभर आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत मात्र तुम्ही पाच सेंटिमीटर पाणी मोडू दिलं नाहीत. त्या दिवसांत काटकसर केली तर लोंब्या पोचट राहतात, हेही तुम्हीच दाखवलंत.

जमिनीची हकीकत सांगितलीत, त्याचे आभार वेगळे. तुमचे वडील कूळ होते. ऑक्टोबर १९७२मध्ये मार्शल लॉ लागून जेमतेम महिना झाला असताना राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांचा हुकूम निघाला: भात-मक्याची जमीन कसणाऱ्या कुळाला ओलिताची ३ किंवा कोरडवाहू ५ हेक्टर, किंमत १५ वर्षांच्या हप्त्यांनी. कागद मिळाला, हप्ते थकले. तुमच्यासारख्यांचं थकलेलं देणं माफ करणारा कायदा २०२३मध्ये आला, तोही त्याच मार्कोस यांच्या मुलाच्या सहीनं. मधल्या काळात, २०१९पासून, तांदळाची आयात मोकळी झाली आणि तुमच्या ओल्या धानाचा भाव पडला. बियाणं-खत उधार देणारा व्यापारीच ते धान काट्यावर मोजून नेतो, ही तुमची वही तुम्ही माझ्यासमोर उघडी ठेवलीत. परक्या माणसाला कर्जाचे आकडे कुणी दाखवत नाही. माझे आजोबाही कूळच होते, विदर्भाच्या १९५८च्या कूळकायद्यानं त्यांच्या नावावर जमीन आली. हे कळल्यावर नानांगनी माझ्या ताटात आणखी भात वाढला होता, सोबत सुकी मासळी आणि व्हिनेगर. मी त्या घरचा झालो तो त्या दिवशी.

आता इकडची खबर. आमचं उन्हाळी धान मोटरपंपावर असतं आणि वीज बऱ्याचदा रात्री येते. बाबांचं म्हणणं होतं, धानाचा पाय पाण्यातच हवा. या उन्हाळ्यात त्यांनी मला दोन बांध्या दिल्या. मी तिथे पीव्हीसीच्या नळ्या लावल्या. उतारा बाकीच्या बांध्यांइतकाच आला आणि मोटर कितीतरी कमी चालली. रात्रीबेरात्री विंचूकाट्यातून पाणी फिरवायला जाणं कमी झालं, याचं आईला सगळ्यात जास्त समाधान आहे. पुढच्या हंगामासाठी शेजारच्या काकांनी एक नळी मागून नेली. बाबांनी उरलेली धुऊन माळ्यावर ठेवली.

एक अडचण मात्र आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीखालच्या बांध्यांत पाझर इतका आहे की नळीतलं पाणी खाली उतरतच नाही. तिथे चर काढून निचरा करावा, की त्या बांध्या तशाच सोडाव्यात? तुमच्या भागात कालव्यालगतच्या शेतांत लोक काय करतात, ते मुलाला सांगून कळवा. आमची उन्हाळी रोवणी जानेवारीअखेर सुरू होते. त्याआधी कळलं तर तयारी करता येईल.

तुमचा ऋणी,
भंडारा जिल्ह्यातला एक धान उत्पादक