रॉड बदलू नकोस, मागं वळून बघ

सातारा,
जानेवारी

चि. सोनू यास,
अनेक आशीर्वाद.

हिमाचलातल्या बंजारहून पाठवलेला व्हिडिओ मिळाला. आईनं एकदा बघितला. मी रात्री थांबवत थांबवत, मागंपुढं करत बघितला. कुणी शिकवणारं नसताना तू तीस फुटांवर फ्लाय, तो पिसांचा नकली किडा बांधलेला गळ, नीट टाकतोस, तीर्थन नदीतली ट्राउट धरून अलगद परत सोडतोस, हे बघून मला फार बरं वाटलं. चाळीस फुटांच्या पुढं लाइन कोसळते, तिच्या टोकाच्या बारीक दोऱ्याला, म्हणजे लीडरला, गाठी बसतात, म्हणून रॉड बदलू का, असं तू विचारलंयस. अजिबात बदलू नकोस. नऊ फुटी, पाच नंबरचा रॉड त्या नदीला अगदी बरोबर आहे.

व्हिडिओत तू सारखा पाण्याकडं बघतोस. मागं लाइन काय करते, हे एकदाही वळून बघितलेलं नाहीस. आपलं आपण शिकणाऱ्यांचं बहुतेक असंच होतं. मासा समोर असतो, म्हणून डोळे समोर आणि सगळा जोरही समोर. तुझी कास्ट, म्हणजे लाइन फेकणं, मात्र मागंच बिघडते.

साध्या गळाला शिसं असतं, ते दोरी ओढून नेतं. फ्लायला म्हणावं असं वजनच नाही. इथं वजन लाइनचं. पाच नंबरच्या लाइनचे पहिले तीस फूट जेमतेम नऊ ग्रॅम भरतात. एवढ्याशा वजनानं रॉड वाकायचा, तर लाइन ताणलेली हवी. मागं ती सरळ व्हायच्या आत तू हात पुढं आणतोस, त्यामुळं निम्मा हात नुसती ढील काढण्यात जातो. मग उरलेल्या निम्म्यात तू एकदम जोर लावतोस. रॉडचं टोक खाली दबतं, हवेत उलगडणाऱ्या लाइनचा जो वळसा, म्हणजे लूप, त्याची वरची बाजू खालच्या बाजूला आडवी जाते आणि लीडरला गाठ पडते. नदीवरचे लोक त्या गाठीचं खापर वाऱ्यावर फोडतात, पण वाऱ्याचा दोष क्वचितच असतो. गाठ दिसली की ती सोडव किंवा टिपेट, लीडरचा शेवटचा बारीक तुकडा, बदल, कारण मोठा मासा नेमका तिथंच तोडून जातो. व्हिडिओत एका ठिकाणी चाबकासारखा फट् आवाज येतो आणि लगेच तू दगडावर बसून नवी फ्लाय बांधायला घेतोस. त्या आधीच्या कास्टला तू मागं क्षणभरही थांबला नव्हतास.

फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउटची बंदी आहे, ते एका अर्थी बरंच झालं. समोर मासा असला की कुणीही सराव करत नाही. एखाद्या गवताच्या मैदानावर जा. फ्लायच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांध, गळ नको. पंचवीस फूटच लाइन काढ. रॉड डोक्यावरून न नेता कमरेच्या उंचीवर आडवा फिरव, म्हणजे मागचा आणि पुढचा लूप दोन्ही डोळ्यांसमोर येतील. मागं रॉड थांबवलास की लाइन खुशाल गवतावर पडू दे आणि वळून बघ. सरळ पडली असेल तर थांबणं बरोबर होतं. नागमोडी पडली तर नाही. लाइन वाढवलीस की थांबणंही वाढतं, म्हणून मनात आकडे मोजून उपयोग नाही. डोळ्यांनीच बघायला हवं.

सुरुवात करताना रॉडचं टोक खाली ठेव, पार गवताजवळ, आणि डाव्या हातातली ढील आधी काढ. आपल्या विहिरीवर भरलेली बादली ओढताना आजी आधी दोर ताणून घ्यायची, मग दमानं ओढायची. हिसका दिला की निम्मं पाणी आतच सांडायचं. इथंही तसंच. दमानं सुरू कर, वेग वाढवत ने आणि शेवटी एकदम थांब. लूप त्या थांबण्यातून तयार होतो. तू थांबतच नाहीस; तुझं मनगट मागं मोडतं आणि रॉड जवळजवळ आडवा होतो. मुठीच्या मागं येणारं रॉडचं बूड शर्टाच्या बाहीत खोचून बघ. मनगट मोडायला लागलं की लगेच कळेल.

१९९० मध्ये जे गॅमल आणि बिल गॅमल या अमेरिकन बापलेकांनी चांगल्या कास्टच्या पाच गोष्टी मांडल्या, आणि आजही बरेच शिक्षक त्याच धरून शिकवतात. ढील काढणं आणि लाइनच्या लांबीप्रमाणं थांबणं या त्यातल्या दोन. तू सध्या या दोनच धर. पाचही एकदम दुरुस्त करायला गेलास तर हाताला आत्ता जे जमतंय तेही जाईल.

जोराबद्दल एक सांगतो, कारण व्यायामशाळेत कमावलेले दंड तुला इथंही वापरावेसे वाटतात. जोन वुल्फ या अंगानं किरकोळ असलेल्या बाईंनी १९६० मध्ये १६१ फूट कास्ट केली होती. लहानपणापासून त्या नाच शिकलेल्या होत्या, आणि कास्ट करताना अख्खं शरीर कसं वापरायचं हे त्यांनी पुढं असंख्य लोकांना शिकवलं.

तुला एवढ्या लांब टाकायची गरजच नाही. तीर्थनवर मासे खडकांच्या आडोशाला असतात, आणि तीस-पस्तीस फुटांवर फ्लाय हलकेच उतरली तर पुष्कळ झालं. मागं झाडं असतील तिथं लाइन मागं न फेकता पुढंच उलगडायची, म्हणजे रोल कास्टच करावी लागेल. ती पाण्यावरच शिकता येते, गवत लाइनला पाण्यासारखं धरून ठेवत नाही. ते मार्चमध्ये बघू. मी तेव्हा येईन म्हणतो, गुडघ्यानं साथ दिली तर.

पुढचा व्हिडिओ बाजूनं काढायला सांग. तुझा चेहरा दिसला नाही तरी चालेल, मागची लाइन टोकापर्यंत दिसली पाहिजे. नदीवर जाशील तेव्हा चष्मा लावल्याशिवाय कास्ट करू नकोस. मत्स्य विभागाचा परवाना आधीच काढून ठेव.

आई तिळाच्या वड्या पाठवतेय. बर्फ पडला तर कळव.

तुझा,
बाबा