मदत मंजूर, पण खात्यात का नाही?

महोदय,

अतिवृष्टीच्या मदतीचा निधी वितरित झाल्याची बातमी येते, आणि त्यानंतरही नागपूर जिल्ह्यात कित्येक शेतकरी तहसीलचे उंबरठे झिजवताना दिसतात. पैसे नेमके कुठे अडकतात, हे त्यांना कुणी नीट सांगत नाही.

पहिली चूक पंचनाम्यातच होते. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच नाव यादीत जाते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 च्या निकषांनुसार कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक फळपिकांना 22,500 रुपये मिळतात. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत आंतरपीक असते आणि सातबाऱ्यावरच्या पीकपेऱ्यात कधी कधी फक्त आंतरपीकच लागते. पंचनाम्यातही तीच नोंद कोरडवाहू म्हणून उतरली, तर बागवाल्याचे हेक्टरमागे 14,000 रुपये जागच्या जागी बुडतात. म्हणून ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पिकांच्या नोंदीत, बाग लागली आहे की नाही, हे पावसाळ्यातच बघून घ्यावे. पंचनाम्याला येणाऱ्या तलाठी आणि कृषी सहायकांसमोर सातबारा उघडून पीक आणि क्षेत्र दोन्ही वाचून घ्यावे.

सगळ्यात जास्त घोळ जमिनीच्या सामाईक खात्यांचा. तीन भावांच्या नावे 1.20 हेक्टर सोयाबीन असेल, तर मदत होते 10,200 रुपये. ती एकाच्या बँक खात्यावर घ्यायची तर बाकी दोघांचे संमतिपत्र लागते. एक भाऊ पुण्याला, दुसऱ्याशी बोलचाल नाही, की फाईल तिथेच पडून राहते. खातेदार मरण पावला असेल आणि वारस फेरफार झालेला नसेल, तर तीच गत. हे काम नुकसानीची वाट न पाहता आधीच उरकायला हवे.

यादी संगणकावर चढल्यावर शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन सेवा केंद्रात अंगठा लावून ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, करायची. शेतकरी ओळख क्रमांक काढलेल्यांची या हेलपाट्यातून बरीच सुटका झाली आहे. ज्यांना अंगठा लावावा लागतो, त्यांच्यात कापूस वेचणाऱ्या म्हाताऱ्या बायांचे हाल होतात. बोटांना बोंडाच्या टोकांचे चरे पडलेले, मशीन ठसा घेतच नाही. अशांची ओळख पटवून काम पुढे नेण्याची जबाबदारी तहसीलने घ्यावी, त्यांना परत पाठवू नये.

केवायसी झाली तरी पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात. पासबुकाची झेरॉक्स दिली म्हणजे त्याच बँकेत येतील असे नाही. आधार शेवटी ज्या बँकेत सीडिंग झाले, म्हणजे जोडले गेले असेल, तिथे रक्कम जाते. ते खाते बंद असेल तर परत फिरते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिले की दोन मिनिटांत कळते. आणि आलेली मदत बँकेने पीककर्जात वळती करायची नाही, असे शासन निर्णयांत स्पष्ट म्हटलेले असते. शाखेने रक्कम रोखली तर लेखी कारण मागावे आणि त्याची प्रत तहसीलदारांकडे द्यावी.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मंजूर यादी लागावी आणि रखडलेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहावे: संमतिपत्र बाकी, वारस नोंद बाकी, केवायसी बाकी, आधार सीडिंग नाही. ही माहिती तहसीलच्या संगणकावर आजही आहे.

– काटोल तालुक्यातील काही वाचक, जि. नागपूर