क्वीन म्हणजे एकटा फ्रेडी नव्हे

महोदय,

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की आपल्याकडची गाडी थेट पाचगणीला जाऊन थांबते. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजेच फारोख बलसारा तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवू लागला. मलाही (सातारकर असल्याने जरा जास्तच) त्याचं अप्रूप आहे. पण बाकीचे तिघे?

गिटारवादक ब्रायन मे याने आपली गिटार वडिलांच्या मदतीने घरीच बनवली. तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या आणि छेडायला सहा पेन्सचं नाणं! बेस गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनने तर कचऱ्यात सापडलेल्या सर्किटचा अँप्लिफायर केला. सत्तरच्या दशकात त्यांच्या तबकड्यांवर ‘सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) वापरलेला नाही’ असं ठसक्यात छापलेलं असे, ते उगाच नाही. आणि गाण्यांतला सगळ्यांत वरच्या पट्टीतला तो आवाज बरेचदा ड्रमर रॉजर टेलरचा असतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

१९८५ साली लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीत वीसेक मिनिटांत मैदान मारलं ते चौघांनी. १९९१ मध्ये फ्रेडी वारला, पुढे डीकनही बाजूला झाला. मे आणि टेलर नवे गायक घेऊन क्वीनच्या नावाने दौरे करत राहिले. ते ऐकायला मन धजावत नाही, तो माझा दोष.

– एक वाचक, सातारा