पहिली ऑर्डर पुण्यातूनच मिळावी

नवउद्योजकांसाठी पुण्यात स्पर्धा, बक्षिसे आणि मार्गदर्शनाचे कार्यक्रम सतत होतात. त्यांचे स्वागतच आहे, पण या मुलांची खरी अडचण पहिल्या ग्राहकाची आहे. भोसरीत माझ्या शेजारच्या गाळ्यात दोन तरुण इंजिनिअर धातू कापून आकार देणाऱ्या जुन्या लेथ यंत्रांना सेन्सर बसवतात. टूल झिजू लागले की ऑपरेटरच्या मोबाइलवर सूचना येते आणि जॉब, म्हणजे घडवला जाणारा भाग, वाया जाण्याआधीच मशीन थांबवता येते. आमच्या कारखान्यात ते उत्तम चालते. मोठ्या कंपन्या मात्र आधी तीन वर्षांचा ताळेबंद मागतात. तो कालपरवा सुरू झालेल्या उद्योगाने आणायचा कुठून?

केंद्र सरकारने २०१६ मध्येच स्टार्टअपना सरकारी खरेदीत पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटींतून सवलत देऊ केली. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या आपल्या दोन्ही महापालिकांनीही पाणीगळती, कचरा, वाहतूक अशा कामांची छोटी चाचणी कंत्राटे स्थानिक स्टार्टअपना द्यावीत, आणि बिले वेळेत चुकती करावीत. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. प्रत्यक्षात पगार करायला उसनवारी करावी लागते, हे मी रोज पाहतो.

पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) परिसरातील व्हेंचर सेंटर २००७ पासून विज्ञानाधारित उद्योगांना प्रयोगशाळा आणि उपकरणे उपलब्ध करून देत आहे. तशीच सोय भोसरी-चाकणच्या यांत्रिक उद्योगांसाठी एमआयडीसीने उभारावी, ही कळकळीची विनंती.

– एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे