रेकी जरूर घ्या, पण गोळी कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुनाट दुखण्यांवर रेकीचा, म्हणजे अंगावर हात ठेवून ‘ऊर्जा’ देण्याच्या उपचाराचा, गुण येतो, असा लेख आला. पाठोपाठ वाचकांची पत्रंही आली. एकाची कंबरदुखी रेकीनं थांबली, दुसऱ्याच्या मते हे सगळं थोतांड. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. उभी हयात लोकांचे गुडघे, कंबर आणि माना यांच्या संगतीत गेली. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण गुपचूप रेकीही घेत असतात आणि मला सांगताना उगाच ओशाळतात. त्यांच्या वतीनं आणि थोडं त्यांच्या विरोधातही, हे पत्र.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. लेखात रेकीला ‘हजारो वर्षांची प्राचीन विद्या’ म्हटलंय. रेकी १९२२ सालची. जपानमध्ये क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर मिकाओ उसुई यांनी उपास आणि ध्यान केलं, त्यातून ती सुरू झाली. पुढे हवाईच्या हवायो ताकाता यांनी ती अमेरिकेत नेली आणि मास्टर, म्हणजे इतरांना रेकी शिकवणारा, होण्याची फी चक्क दहा हजार डॉलर ठेवली. आपल्याकडच्या वर्गांत शिकवतात ती सात चक्रं तर नंतर चिकटली. प्राचीन नसणं हा काही गुन्हा नाही, पॅरासिटामॉलही प्राचीन नाही. पण मुळातलं खरं सांगायला काय हरकत आहे?

आता मुद्द्याचं. रेकीतली ऊर्जा हातातून दुखऱ्या जागी जाते का, हे तपासायचा एक चांगला प्रयत्न अमेरिकेत झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. फायब्रोमायाल्जियाचे, म्हणजे अंगभर दुखत राहणाऱ्या आजाराचे, शंभर रुग्ण घेतले. काहींना खऱ्या रेकी मास्टरांनी रेकी दिली, काहींना मास्टरांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या नटांनी. काहींना अंगाला हात लावून, काहींना दुरून. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. मास्टर असो वा नट, दुखण्यात फरक पडला नाही. बाकीचे अभ्यास बहुतेक लहान आणि ढिले. तेव्हा ‘विज्ञानानं सिद्ध झालंय’ हे लेखातलं वाक्य मला पटत नाही.

मग इतक्या लोकांना बरं वाटतं ते खोटं का? नाही. इथेच ‘थोतांड’ म्हणून मोकळे होणारे चुकतात. तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं हे फक्त हाडातलं किंवा स्नायूतलं राहत नाही. झोप, भीती, घरातली भांडणं, ‘आता माझं काही खरं नाही’ हा विचार, सगळं त्यात मिसळतं. मेंदू सतत सावध राहतो आणि साधा ताणही दुखणं म्हणून नोंदवतो. अशा माणसाला कुणी अंधाऱ्या खोलीत निवांत झोपवलं, तासभर गरम तळवे गुडघ्यावर, पोटावर, कपाळावर ठेवले आणि एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, तर त्याचं दुखणं सैल पडू शकतं. यात चमत्कार काही नाही. आराम पडेल या भरवशानं शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं, हे १९७८ मध्येच दिसलं होतं. अक्कलदाढ काढलेल्या ज्या रुग्णांना नुसत्या खोट्या औषधानं बरं वाटत होतं, त्यांना अफूवर्गी औषधांचा परिणाम रोखणारं नालोक्सोन दिलं आणि दुखणं पुन्हा वाढलं.

आणि आमच्याकडे काय मिळतं? २०१७ मध्ये जगभरच्या देशांतल्या डॉक्टरांच्या तपासणीच्या वेळेचा एक आढावा निघाला होता. स्वीडनमध्ये रुग्णाला साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आपल्याकडे जेमतेम दोन मिनिटं. केसपेपर, एक्स-रे, ‘झीज झालीय, वयच झालंय तुमचं’, गोळ्या, पुढचा नंबर. मग तीच गोळी दुकानातून परस्पर महिनोन्‌महिने आणायची आणि मूत्रपिंडावर ताण आला की परत यायचं. माणूस रेकीकडे जातो तो ऊर्जेसाठी कमी आणि त्या तासासाठी जास्त.

माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक ताई येत. दोन्ही गुडघे, शिवाय पायमशीनवर वाकून वाकून कंबर. मांडीचे स्नायू बळकट करायला मी त्यांना साधा व्यायाम दिला होता: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, दहा मोजायचे, सोडायचं. त्या मान डोलवून जायच्या आणि घरी काही करायच्या नाहीत. दुखतंय तिथे जोर दिला तर आणखी झिजेल, ही भीती. मग जावेच्या ओळखीनं रेकी सुरू केली. काही आठवड्यांनी त्या स्वतःहून म्हणाल्या, “मॅडम, रात्री झोप लागायला लागलीय, आता दाखवा तुमची ती गुंडाळी.” त्यांचे गुडघे व्यायामानं सुधारले, हे मी छातीठोकपणे सांगते. पण व्यायामापर्यंत त्यांना आणलं त्या निवांत तासानं, हेही नाकारणार नाही. पूरक उपचाराचा खरा उपयोग हा असा असतो.

दुसरी बाजू सांगताना मात्र माझा तोल जातो. एक तरुण बाई, हाताच्या बोटांचे सांधे सकाळी सुजून घट्ट व्हायचे. आमवात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आजार. डॉक्टरांनी त्याला आवर घालणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं होतं, उतारही पडत होता. तिच्या रेकी मास्टरनं सांगितलं की गोळ्या विषारी आहेत, त्यांनी ऊर्जेचा ‘चॅनेल’ बंद होतो. तिनं सोडल्या. माझ्याकडे आली तेव्हा बोटं करंगळीच्या बाजूला झुकलेली, कुकरचं झाकण लावता येईना. झीजेच्या संधिवातात थोडं थांबून चालतं, आमवातात चालत नाही. त्यात सांधा एकदा खाल्ला गेला की औषध त्याला परत आणत नाही. तो मास्टर अजून वर्ग घेतो. तिची बोटं काही सरळ होणार नाहीत.

रेकी देणारे काही जण मला बजावतात, लोकांना खरं सांगितलं तर त्यांचा विश्वास उडेल आणि गुणही जाईल. तसं होत नाही. २०१६ मध्ये लिस्बनला जुन्या कंबरदुखीच्या ९७ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर, ‘यात औषध नाही’ असं स्पष्ट सांगून नुसत्या कोऱ्या गोळ्या दिल्या, तरी त्यांचं दुखणं बरंच उतरलं. अभ्यास लहान आहे, पण दिशा कळते. मग ‘तुमच्या वेदनेवर शांतपणे हात ठेवते, झोप आणि ताण यांना मदत होईल, औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका’ एवढं म्हणून रेकी का देता येऊ नये? तसं म्हणणारे आहेतही, त्यांच्याकडे मी रुग्ण बिनधास्त पाठवते. उलट कर्करोग आणि मधुमेह ‘मुळापासून’ घालवण्याचे फलक लावणाऱ्यांनी १९५४ पासून आपल्याकडे अशा जाहिरातींविरुद्ध कायदा आहे, हे लक्षात ठेवावं. फोटोवरून दुरून रेकी पाठवून पैसे घेणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

वाचकांनाही एक विनंती. दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, पायातली ताकद जात असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर रेकी नको, मालिश नको आणि माझ्याकडेही नको, थेट डॉक्टरांकडे जा. त्यात दिवस घालवू नका.

आणि आपल्याला विनंती अशी, की पुढच्या वेळी दुखण्यावर पान काढाल तेव्हा रेकी मास्टरांच्या शेजारी पेन क्लिनिक चालवणाऱ्या एखाद्या भूलतज्ज्ञालाही दोन रकाने द्या. जुनाट दुखण्यासाठी असे वेगळे दवाखाने असतात, हेच अनेक वाचकांना ठाऊक नाही. जिल्हा रुग्णालयात तशी ओपीडी आहे का, असली तर कोणत्या वारी, नंबर किती वाजेपर्यंत लावायचा, एवढी साधी चौकट आपण छापलीत तर ती कापून मी माझ्या भिंतीवर लावीन.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक, मिरज