बर्फात गाडी पाठवता, तर चेनचे पैसेही धरा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आंबिया बहाराचा संत्रा सध्या जोरात तुटून राहिला आहे, आमच्या वरुड-मोर्शीकडून रोज गाड्या भरतात, त्यातली एखादी पार जम्मू-श्रीनगरपर्यंत जाते. नागपुरातून 44 नंबरच्या हायवेला लागलं की तोच रोड वर काश्मीरला नेते, म्हणून मालक लोकांना वाटते की जे टायर हिंगणघाटला चालतात ते काश्मीरच्या वाटेवरच्या बनिहालला पण चालतील. नाही चालत साहेब.

दोन वर्षांमागं जानेवारीत बनिहालच्या अलीकडं चढावर जाम लागला म्हणून गाडी उभी केली. हँडब्रेक ओढलेला, मागचे टायर दिवाळीलाच नवेकोरे टाकलेले, तरी भरलेली गाडी हळूहळू आडवी सरकून राहिली होती, आवाज नाही काही नाही. क्लीनर पोरानं उडी मारून चाकाखाली दगड लावला तर तो दगडही सरकला. कडेला बर्फाचा ढिगारा होता त्याला जाऊन टेकली म्हणून वाचलो. खाली उतरून टायरला नख लावून पाह्यलं, लाकडावानी कडक.

आपले टायर बनतात उन्हाळ्याच्या डांबरासाठी. 7 डिग्रीच्या खाली गेलं की त्यांचं रबर कडक होत जाते अन मग नक्षी कितीही खोल असू द्या, पकड राहत नाही. विंटर टायरचं रबर थंडीतही नरम राहते, त्याच्या बटनांवर, म्हणजे नक्षीतल्या रबराच्या ठोकळ्यांवर, बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. गावातले पोरं बोलेरोला मोठ्या बटनाचे मड टायर टाकून मनालीला निघतात, त्यांना वाटते काळ्या मातीत चालते तर बर्फात काहून नाही चालणार, पण मड टायरला त्या चिरा फार कमी, कडक बर्फावर ते उलट जास्त घसरतात. अन दुकानदार टायरवरचं एम प्लस एस (M+S, म्हणजे चिखल अन बर्फ) दाखवून बर्फाचा टायर म्हणून देतात, ते तर कंपनीनं स्वतःच लिहिलेलं असते. खरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर अन त्यात बर्फाची चांदणी, हे चिन्ह बर्फावर टेस्ट पास झाल्याशिवाय मिळत नाही. जर्मनीत ऑक्टोबर 2024 पासून बर्फाच्या रोडवर नुसता एम प्लस एस चालतच नाही. छोट्या गाडीला घ्यायचेच असतील तर चारही घ्या, पुढचे दोनच टाकले तर वळणावर गाडीचं शेपूट फिरते.

आता आमच्या ट्रकला विंटर टायर घ्या असं मी म्हणत नाही. नरम रबर आपल्या मे महिन्यात भराभर झिजून जाईल, अन हिवाळ्यातल्या दोन-तीन खेपांसाठी एवढे टायर कोण बदलणार. आपल्यासाठी इलाज चेनचा, म्हणजे बर्फात टायरभोवती बांधायच्या साखळीचा. मागच्या ओढणाऱ्या चाकांना चढवायची, गाडी हळू चालवायची, अन कोरडा रोड लागला की काढायची. मी घरी वावराच्या धुऱ्यावर गाडी उभी करून चार वेळा लावून-काढून पाह्यली, कारण बर्फात बोटं सुन्न झाल्यावर शिकता येत नाही. हवेचंही पाहा, इथं 30 डिग्रीत 110 पाउंड भरली तर शून्य डिग्रीत थंड टायरमध्ये 12 पाउंडाच्या आसपास कमी भरते, वर पोचल्यावर चेक करायलाच पाहिजे.

पण चेन घेणार कोण? मालक म्हणतो व्यापाऱ्यानं द्यावी, व्यापारी म्हणतो भाडं ठरलं तेवढंच, अन ड्रायव्हर तसाच निघतो. माझं म्हणणं एवढंच की डिसेंबर ते फेब्रुवारी काश्मीर-हिमाचलचा माल ठरवतानाच चेनचा खर्च भाड्यात धरा, नाहीतर ट्रान्सपोर्टवाल्यांनी मिळून वरुडात चार-पाच जोड आणून ठेवावे, जाणाऱ्यानं घेऊन जावं अन परत आणून द्यावं. अन साहेब, जमलं तर ते डोंगर-चांदणीचं चिन्ह या पत्रासोबत पेपरात छापा, म्हणजे लोक दुकानात कात्रण घेऊन जातील.

आपला वाचक,
एक ट्रक ड्रायव्हर, ता. वरुड, जि. अमरावती