आरोग्यमंत्री साहेबांना खुलं पत्र : फिटची गोळी गेली कुठं?

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मी सांगलीचा, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. पोरगी अकरावीला, तिला फिट येतात. आपण इकडं आलात तेव्हा स्टेजवरनं म्हणालात, सरकारी दवाखान्यात गोळ्या कमी पडणार नाहीत, आम्ही टाळ्या पण वाजवल्या. परवा खिडकीवरनं कागद परत आला, त्यावर निळ्या पेनानं ‘बाहेरून घ्या’. बाहेर हिंडलो तर त्या पॉवरची कुठंच नाही. ही गोळी मध्येच तुटली की फिट उसळते हे आमच्या आज्जीला पण कळतं, तुमच्या स्टोअरला कळंना. रात्री फिट आलीच, जीभ चावली, उशी रक्तानं भरली आणि शेजारचे काका कांदा घेऊन हजर!

तसं गोळ्या चालू असताना पण तिच्या फिट पूर्ण थांबत नाहीत, तीनातल्या एका पेशंटचं असंच असतं म्हणे. म्हणून रात्री मोबाईलवर वाचत बसतो. मेंदू स्वतःच अफूच्या जातीची रसायनं बनवतो साहेब, (लगेच नार्कोटिक्सवाले पाठवू नका) 1975 ला स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीनला शोध लागला. त्यातलं डायनॉर्फिन, पेशी फार भडकल्या की सुटतं, कॅप्पा रिसेप्टरवर (पेशीवरचं कुलूपच म्हणा) बसतं आणि भडका उडवणारं ग्लुटामेट कमी सोडायला लावतं. कानशिलाच्या भागातनं फिट येणाऱ्यांत तेच कमी पडतं. बरं, त्याच रिसेप्टरवर बसणारी गोळी द्यावी तर भास होतात, मन उदास होतं, म्हणून बर्लिन आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या शास्त्रज्ञांनी 2019 ला व्हायरसमधनं डायनॉर्फिनचा जीनच उंदरांच्या मेंदूत सोडला, तर फिट महिनोन्‌महिने बंद. माणसावर यायला किती वर्षं लागतील देव जाणे, पण तिकडं उंदराची तरी कुणीतरी काळजी करतंय.

इकडं 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार, त्यात फिटचं नाव नाही, म्हणजे सर्टिफिकेट नाही, सवलत नाही. जगात 5 कोटी पेशंट, नीट औषध मिळालं तर शंभरातले सत्तर बिनफिटचे जगू शकतात हे डब्ल्यूएचओ सांगतं, आणि आमच्या इथं फ्लेक्सला पैसे आहेत, उद्घाटनाला आहेत, चौक सुशोभीकरण तर दरवर्षी, फक्त गोळीचं टेंडर तेवढं अडकतं, कुणाच्या टेबलावर ते विचारलं की सगळे वर बोट दाखवतात, वर म्हणजे तुम्हीच ना?

गोळ्या कुठल्या तारखेला येणार आणि मेंदूचा डॉक्टर कुठल्या वारी बसणार, एवढं लेखी कळवा. तुमच्या फोटोशिवाय कळवलं तरी चालेल.

एक बाप, सांगली